पळून गेलेल्या चालकाचा दोष कोणी सिद्ध करायचा?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 4,61,312 रस्ते अपघात झाले आणि त्यांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. यांपैकी 67,387 अपघातांत धडक देणारे वाहन पळून गेले, आणि त्या अपघातांनी 30,486 जणांचा जीव घेतला. पळालेली काही वाहने पुढे तपासात सापडतात, पण कित्येक कधीच सापडत नाहीत. अशा अज्ञात वाहनांच्या बळींसाठी सरकारची भरपाई योजना आहे. तिच्याकडे 2022-23 या आर्थिक वर्षात आलेले अर्ज होते अवघे 205, आणि निकाली निघाले 95. जानेवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तफावत निकालपत्रातच नोंदवली.

वाहन कोणते, चालक कोण, विमा कोणाचा, यांतले काहीच ठाऊक नसताना निष्काळजीपणा कसा सिद्ध करायचा? हा प्रश्न आपल्या कायद्यापुढे पन्नासहून अधिक वर्षे आहे. त्याची उत्तरे वेळोवेळी बदलली आणि काही अजूनही अर्धवट आहेत. ही वाटचाल, आजची स्थिती, त्यावरच्या मुख्य भूमिका आणि शिल्लक राहिलेले प्रश्न यांचा हा आढावा.

पार्श्वभूमी

1939 च्या मोटार वाहन कायद्याने तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा केला. भरपाईचा पाया मात्र जुनाच राहिला: चालकाची चूक दाखवा, मग पैसे मागा. वाहन पळून गेले की हा पायाच ढासळत असे, कारण प्रतिवादी म्हणून उभे करायला कोणी उरत नसे. विधी आयोगाने 1972 मध्ये आपला 51 वा अहवाल खास याच विषयावर दिला. पळून गेलेल्या वाहनाच्या बळींसाठी कायद्यात तरतूद हवी, ही गरज तिथे ठळकपणे पुढे आली.

पाच वर्षांनी मुंबईतल्या एका अपघाताचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. सार्वजनिक रस्त्यावर वाहनाच्या वापरातून इजा झाली एवढे भरपाईला पुरेसे आहे, निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही, असे मत मुंबई उच्च न्यायालयाने व्यक्त केले होते. 1977 च्या निकालाने ते अमान्य केले. चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याखेरीज मालक आणि विमा कंपनी यांच्यावर दायित्व येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. चूक सिद्ध झाली तरच भरपाई, या दोष-तत्त्वाच्या बाजूने होणारा युक्तिवाद अजूनही याच निकालापासून सुरू होतो.

संसदेने 1982 मध्ये वेगळी वाट काढली. मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर दोष न विचारता ठरावीक रक्कम देण्याची तरतूद झाली. अज्ञात वाहनाच्या अपघातासाठीही मृत्यूला 5,000 आणि गंभीर दुखापतीला 1,000 रुपये ठरले. हे आकडे पुढे 8,500 आणि 2,000 झाले, 1994 मध्ये 25,000 आणि 12,500 झाले आणि तिथेच पाव शतकाहून अधिक काळ थांबले. 2019 च्या दुरुस्तीने आणि तिच्या आधारे 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या योजनेने ते 2 लाख आणि 50 हजारांवर नेले.

न्यायालयेही याच काळात दोष-तत्त्वाची धार बोथट करत होती. गुजरात राज्य परिवहन महामंडळाच्या 1987 मधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की ज्याची काहीच चूक नाही अशा पादचाऱ्याला केवळ चालकाचा दोष सिद्ध होत नाही म्हणून रिकाम्या हाताने पाठवणे समाजाला परवडणारे नाही. टायर फुटून उलटलेल्या जीपच्या प्रकरणात 2001 मध्ये न्यायालयाने धोकादायक वस्तू बाळगणाऱ्याच्या दोषनिरपेक्ष जबाबदारीचे तत्त्व मोटारीलाही लावले. 2007 मध्ये मात्र त्याच न्यायालयाने आठवण करून दिली, की सर्वसाधारण दाव्यात निष्काळजीपणा सिद्ध करणे अजूनही आवश्यक आहे. हे दोन्ही प्रवाह आजही कायद्यात शेजारी शेजारी वाहतात.

आजची चौकट

सध्याच्या मोटार वाहन कायद्यात तीन वाटा आहेत. कलम 166 ची वाट पूर्ण भरपाईची. मृताचे वय, उत्पन्न आणि अवलंबितांची संख्या पाहून मोटार अपघात दाव्यांचे न्यायाधिकरण रक्कम ठरवते, पण वाहन माहीत हवे आणि त्याच्या चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध व्हायला हवा. कलम 164 ची वाट दोषनिरपेक्ष आहे. मृत्यूला 5 लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. इथे चूक दाखवावी लागत नाही, परंतु पैसे देणारा मालक किंवा विमा कंपनी माहीत असावी लागते. कलम 161 ची वाट अज्ञात वाहनासाठी आहे: मृत्यूला 2 लाख, गंभीर दुखापतीला 50 हजार. किरकोळ दुखापतीला काही नाही.

तिसऱ्या वाटेवर न्यायाधिकरण लागत नाही. अपघात झाला त्या तालुक्याचे तहसीलदार किंवा प्रांताधिकारी चौकशी करतात, जिल्हाधिकारी मंजुरी देतात आणि जनरल इन्शुरन्स कौन्सिल रक्कम अदा करते. अर्जदाराने चालकाची चूक सिद्ध करायची नसते. अपघात वाहनानेच झाला आणि वाजवी प्रयत्न करूनही ते वाहन ओळखता आले नाही, एवढेच दाखवायचे असते. नंतर वाहन सापडले आणि त्याच्याकडून भरपाई मिळाली, तर आधी घेतलेली रक्कम परत करावी लागते. म्हणजे योजनेचे पैसे घेतल्याने पुढच्या दाव्याचा दरवाजा बंद होत नाही.

याच्या जोडीला मे 2025 मध्ये अपघातग्रस्तांसाठी विनारोकड उपचारांची योजना अधिसूचित झाली. तिच्यात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार मिळू शकतात. वाहन ओळखले गेले की नाही, यावर ते अवलंबून नाहीत.

तीन वेगळे अपघात

'अज्ञात चालक' या एका नावाखाली तीन निरनिराळ्या परिस्थिती येतात आणि प्रत्येकीत पुराव्याचा प्रश्न बदलतो.

पहिली परिस्थिती सर्वांच्या परिचयाची. पहाटे रस्त्याकडेने चालणाऱ्या माणसाला धडक बसते, वाहन निघून जाते आणि पाहणारा कोणी नसतो. वाहन मिळाले नाही तर कलम 161 एवढाच आधार उरतो.

दुसरी अधिक गुंतागुंतीची. मोटार झाडावर आदळते. चालक सांगतो, की समोरून चुकीच्या बाजूने ट्रक आला, त्याला चुकवायला गाडी वळवली आणि ताबा सुटला. ट्रक थांबला नाही, त्याचा स्पर्शही झाला नाही. हा ट्रक खरा होता, की डुलकी लागलेल्या चालकाने नंतर रचला? इथे दावा करणारा कोण आहे यावर बरेच अवलंबून असते. मागे बसलेल्या प्रवाशाची बाजू त्यातल्या त्यात भक्कम असते. एकापेक्षा अधिक चालकांच्या चुकीतून इजा झाली, तर पीडित त्यांपैकी कोणाही एकाकडून संपूर्ण भरपाई वसूल करू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये स्पष्ट केले. म्हणून मोटारचालकाची थोडी जरी चूक सिद्ध झाली, तरी पळालेल्या ट्रकचा वाटा किती याचा भार प्रवाशावर पडू नये, असे तत्त्वतः म्हणता येते. खासगी गाडीतल्या प्रवाशाला विमा कंपनीकडून पैसे मिळण्यासाठी त्या गाडीचा विमा सर्वसमावेशक असावा लागतो. केवळ तृतीय पक्षाचा विमा त्याला पुरत नाही.

स्वतः चालकाचे तसे नाही. त्याची चूक नसेल तर दोषी फक्त अज्ञात ट्रक, आणि चूक असेल तर दोषी तो स्वतः. गाडी त्याच्याच मालकीची असेल तर 15 लाखांच्या सक्तीच्या वैयक्तिक अपघात विम्याचा आधार असतो. तो नोकरीत, कामावर असताना जखमी झाला तर कर्मचारी भरपाईचा कायदा लागू होतो आणि तिथेही निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. ज्याने मित्राची गाडी चालवायला घेतली होती, त्याची अवस्था सर्वांत बिकट होते. 2009 आणि 2020 च्या निकालांनुसार तो मालकाच्या जागी उभा राहतो आणि त्याच गाडीच्या विम्यावर तृतीय पक्ष म्हणून दावा करू शकत नाही.

तिसरी परिस्थिती दाव्यांत वारंवार दिसते. फिर्यादीत 'अज्ञात वाहन' असते आणि काही आठवड्यांनी एखाद्या साक्षीदाराच्या जबाबातून वाहनाचा क्रमांक पुढे येतो. विमा कंपनी म्हणते, वाहन नंतर घुसवले आहे. कुटुंब म्हणते, तपासाला वेळ लागला. दोन्ही गोष्टी प्रत्यक्षात घडतात. उत्तर प्रदेशात बनावट दाव्यांचा तपास करण्यासाठी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या 2015 च्या आदेशाने विशेष तपास पथक नेमावे लागले. त्याचबरोबर 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की घरातला माणूस रुग्णालयात असताना नातेवाईक आधी पोलीस ठाणे गाठतील ही अपेक्षा चुकीची आहे. नुसत्या विलंबावरून दावा फेटाळता येणार नाही. फिर्याद रचलेली वाटते का, हे मात्र तपासले पाहिजे.

पुरावा: किती आणि कोणता

दाव्यातला पुरावा फौजदारी खटल्याइतका कडक नसतो. 2009 च्या हिमाचल प्रदेशातील एका प्रकरणापासून सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा पुन्हा बजावले आहे. अपघात सांगितला तसा घडला असण्याची शक्यता न घडल्याच्या शक्यतेपेक्षा अधिक आहे, एवढे दाखवले की पुरे. चालक फौजदारी खटल्यातून सुटला म्हणून भरपाईचा दावा आपोआप पडत नाही.

फिर्यादीतली 'भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने' ही ठरलेली शब्दावली मात्र पुरावा ठरत नाही. वजन असते ते घटनास्थळाच्या पंचनाम्याला. चाकांच्या खुणा कुठून कुठपर्यंत आहेत, काचा रस्त्याच्या कोणत्या बाजूला पडल्या, वाहनाला लागलेला रंगाचा ओरखडा कोणता, रस्त्याची रुंदी किती आणि दिवे होते का, यांवरून न्यायाधिकरण अपघाताची कथा जुळवते. काही वेळा परिस्थितीच बोलते. मोकळ्या रस्त्यावरून गाडी खाली जाऊन झाडावर आदळली, तर खुलासा चालकाने द्यायचा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच मान्य केले. 'समोरून ट्रक आला' हा असाच खुलासा आहे. तो देणारा चालक साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन उलटतपासणीला सामोरा गेला नाही, तर न्यायाधिकरण त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकते.

पुराव्याची साधने गेल्या काही वर्षांत बदलली आहेत. फास्टॅग 2021 पासून सक्तीचा झाल्याने टोल नाक्यावरून कोणते वाहन किती वाजता गेले याची नोंद राहते. अपघातांच्या नोंदी संगणकावर एकत्र आणणारी राष्ट्रीय यंत्रणा उभी राहिली आहे. नागपूर जिल्ह्यात ऑगस्ट 2025 मध्ये एका ट्रकच्या धडकेत दुचाकीवरील महिलेचा मृत्यू झाला. तिच्या पतीला ट्रकवर लाल खुणा होत्या एवढेच सांगता आले. नागपूर ग्रामीण पोलिसांनी टोल नाक्यांवरचे चित्रण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तपासून तो ट्रक राज्याबाहेर शोधून काढला. अशी साधने प्रत्येक पोलीस ठाण्याच्या हाताशी नाहीत. दुकानांबाहेरच्या कॅमेऱ्यांतले चित्रण तर काही दिवसांत आपोआप पुसले जाते. ते पहिल्याच आठवड्यात ताब्यात घेतले नाही, तर पुढे कितीही कुशल वकील दिला तरी ते परत मिळत नाही.

मुख्य भूमिका

पहिली भूमिका दोष-तत्त्व टिकवण्याची. विमा कंपन्या ती प्रामुख्याने मांडतात. त्यांचा युक्तिवाद असा: भरपाईचा पैसा शेवटी सर्व वाहनधारकांच्या हप्त्यांतून येतो. गैरहजर चालकावर काहीही आरोप करणे सोपे असते, कारण तो खोडायला येत नाही. पुराव्याची अट सैल केली तर रचलेल्या दाव्यांना वाट मिळते आणि खऱ्या पीडितांच्या दाव्यांवरही संशयाची सावली पडते.

दुसरी भूमिका दोष-तत्त्व सोडून देण्याची. रस्त्यावर वेगवान वाहनांना परवानगी देताना समाजाने धोकाही स्वीकारला आहे. त्याची किंमत ज्याच्या वाट्याला अपघात आला त्या एकट्या कुटुंबाने का मोजावी, असा या बाजूचा प्रश्न आहे. चालक पळाला हा पीडिताचा अपराध नाही. ओळखलेल्या वाहनाने मारले तर दोष न विचारता 5 लाख आणि न ओळखलेल्याने मारले तर 2 लाख, या फरकाला तत्त्वाचा आधार सापडत नाही, असे ही बाजू दाखवून देते.

तिसरी भूमिका मधली आहे. पूर्ण भरपाईसाठी दोष सिद्ध व्हावा, पण तो शोधण्याचे काम पीडिताकडून काढून यंत्रणेकडे द्यावे. 2022 च्या केंद्रीय नियमांचा कल हाच आहे. पोलिसांनी 48 तासांत प्राथमिक, 50 दिवसांत अंतरिम आणि 90 दिवसांत सविस्तर अपघात अहवाल द्यायचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2024 मध्ये हाच धागा पुढे नेला. महिनाभरात वाहनाचा तपशील मिळाला नाही तर पोलिसांनी जखमीला किंवा वारसांना योजनेची माहिती लेखी द्यावी आणि अहवाल चौकशी अधिकाऱ्याकडे पाठवावा. तरीही अर्ज आला नाही, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने त्या कुटुंबापर्यंत पोहोचावे.

इतर देशांचा अनुभव

ब्रिटनमध्ये विमा कंपन्यांनी 1946 मध्ये मिळून एक संस्था स्थापन केली आणि 1969 पासून ती बेपत्ता चालकांच्या बळींचीही भरपाई करते. तिथे अर्जदाराला बेपत्ता चालकाची चूक संभवनीयतेच्या कसोटीवर दाखवावी लागते. ती दाखवली की ठरावीक तुटपुंजी रक्कम न मिळता न्यायालयाने दिली असती त्या मापाची भरपाई मिळते. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये अज्ञात वाहनाच्या जागी एक नाममात्र प्रतिवादी उभा केला जातो, पण वाहनाचा कसून शोध घेतल्याचे दावेदाराने दाखवायचे असते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातही हीच अट वर्षानुवर्षे होती. 2021 पासून त्या प्रांताने बहुतांश इजांसाठी दोषनिरपेक्ष पद्धत स्वीकारली.

अमेरिकेत भार स्वतःच्या विम्यावर असतो. विमा नसलेल्या किंवा न सापडलेल्या चालकाने केलेल्या इजेसाठी वाहनधारक स्वतःच्या पॉलिसीत संरक्षण घेतो. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत त्या वाहनाचा प्रत्यक्ष स्पर्श झालेला असावा लागतो आणि पोलिसांना 24 तासांत कळवावे लागते. स्पर्शाच्या अटीने रचलेले दावे आटोक्यात राहतात, पण चुकवण्याच्या प्रयत्नात जखमी झालेला सावध चालक मात्र वाऱ्यावर सुटतो. तिकडे राहणाऱ्या वाचकांनी आपल्या राज्यातला नियम पॉलिसी घेतानाच पाहून ठेवावा.

अनिर्णित प्रश्न

पहिला प्रश्न रकमेचा. भरपाई टप्प्याटप्प्याने वाढवता येईल का याचा विचार करण्यास सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये केंद्राला सांगितले. 1994 चे आकडे किती वर्षे गोठले होते हे पाहता वाढीचे सूत्र कायद्यातच असावे, ही मागणी रास्त वाटते.

दुसरा 'वाजवी प्रयत्नां'चा. महाराष्ट्रात गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही, असे दिसले की पोलीस न्यायालयात 'अ समरी' मागतात. तोवर थांबायचे की महिन्याभरात वाहन अज्ञात मानून योजनेचे पैसे द्यायचे? 2024 चे निर्देश दुसऱ्या पर्यायाकडे झुकतात. तहसील कार्यालयांतली कार्यपद्धती तिथवर पोहोचायची आहे.

तिसरा प्रश्न एक वाहन ओळखलेले आणि दुसरे पळालेले असते तेव्हाचा. ओळखलेल्या चालकाची काहीच चूक नसेल, तर त्या वाहनावर कलम 164 चा दावा करायचा, की पळालेल्या वाहनासाठी कलम 161 चा अर्ज, की दोन्ही? कायद्याच्या शब्दांतून याचे थेट उत्तर मिळत नाही.

चौथा, स्वतः चालवणाऱ्याचा. दोषनिरपेक्ष तरतुदीत मालक-चालकाचा स्वतःचा मृत्यू समाविष्ट होतो का, यावर सर्वोच्च न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने 2025 मध्ये पूर्वीच्या निकालांबद्दल शंका व्यक्त करून विषय मोठ्या पीठाकडे पाठवला आहे. प्रश्न जुन्या कलम 163-अ चा असला तरी उत्तराचा परिणाम नव्या कलम 164 वरही होईल.

पाचवा, मुदतीचा. दावा सहा महिन्यांत करायचे बंधन 2022 पासून पुन्हा आले आहे आणि त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. आठव्या महिन्यात वाहन सापडले तर काय, हे अज्ञात वाहनाच्या प्रकरणांत सर्वांत बोचणारे कोडे आहे.

शिक्षेचा वाद यापासून वेगळा ठेवावा लागेल. अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये आहे. जानेवारी 2024 मध्ये ट्रकचालकांनी तिच्याविरुद्ध संप केला आणि 1 जुलै 2024 रोजी संहिता लागू झाली तेव्हा ही तरतूद बाजूला ठेवली गेली. कडक शिक्षेने चालक थांबतील की अधिक वेगाने पळतील, यावर दोन्ही मते आहेत. पीडिताच्या हातात पडणारी रक्कम मात्र त्या वादावर थांबून राहता कामा नये.

निष्कर्ष

पन्नास वर्षांत चर्चेचा मध्यबिंदू हलला आहे. 'चूक कोणाची' या प्रश्नाइतकाच 'चूक शोधायची कोणी' हा प्रश्न आता महत्त्वाचा झाला आहे, आणि त्याचे उत्तर नियमांनी दिले आहे: चूक शोधायची पोलिसांनी, भरपाई पोहोचवायची महसूल आणि विधी सेवा यंत्रणेने. अज्ञात चालकाचा निष्काळजीपणा न्यायालयात सिद्ध होतो किंवा होत नाही, ते बहुधा पहिल्या काही दिवसांच्या पंचनाम्यावर आणि जपलेल्या चित्रणावर ठरते. कायदा तुटपुंजा आहे, पण आज अडचण कायद्यापेक्षा अंमलबजावणीची मोठी आहे. हजारो मृत्यूंसमोरचे 205 अर्ज तेच सांगतात.

म्हणून वाचकांना विनंती अशी. आपल्या गावात, गल्लीत, नात्यात पळालेल्या वाहनाने कोणाचा घात केला असेल, तर त्या कुटुंबाला तीन गोष्टी सांगा: जवळपासच्या कॅमेऱ्यांचे चित्रण जपून ठेवण्यासाठी पोलिसांकडे लगेच लेखी अर्ज करा, पोलिसांच्या अपघात अहवालाची प्रत मागा, आणि वाहन सापडत नसेल तर अपघात झालेल्या तालुक्याच्या तहसील कार्यालयात कलम 161 च्या योजनेचा अर्ज भरा. त्या अर्जासाठी कोणाचाही निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही.